धोंड्याच्या ताटातला बर्गर

आमच्या घरात आजवर जी मोठी भांडणं झाली, ती सगळी खाण्यावरून झाली. कोणत्या शिवारातली ज्वारी गोड, ठेच्यात लसूण आधी घालायचा की मिरची, जैनथच्या बाजारातली भजी बरी की आदिलाबादच्या बसस्टँडवरची, असल्या विषयांवर माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ तास तास तोंड वाजवतात. नवरा कापूस पिकवतो. भावाचं आदिलाबादेत बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. मी गावातल्या मराठी शाळेत शिकवते आणि घरी आले की या दोन थोराड पोरांचं भांडण मिटवते. मिटवते म्हणजे काय, दोघांपुढे चहा ठेवते. मग त्या चहावरून नवीन भांडण सुरू होतं.

ओरडण्यात माझ्या नवऱ्याचा हात कोणी धरत नाही. पण हे ओरडणं फक्त घरच्यांसाठी आहे. बाहेरच्या माणसाशी तो इतका गोड बोलतो की मला कधी कधी हेवा वाटतो. बँकेतल्या बाबूनं एका कागदासाठी त्याला किती खेटे घालायला लावले, तरी हा म्हणे, “ठीक है साब, फिर आता हूँ.” घरी येऊन मात्र वरणात मीठ कमी आहे म्हणून त्यानं आळी जागी केली.

अशा माणसानं लेकीच्या लग्नात एकदासुद्धा आवाज चढवला नाही, तेव्हाच मी ओळखलं होतं की काहीतरी बिनसलंय.

लेक आमची एकुलती एक. हैदराबादेत नोकरीला आहे. तिथंच तिच्या ऑफिसातल्या एका तेलुगू मुलाशी तिचं जमलं. मुलगा मंचिर्यालकडचा, शांत, कामाचा. नवऱ्याला त्याच्या तेलुगू असण्याचं काही नव्हतं. आम्ही सीमेवरची माणसं, आमचा अर्धा दिवस तेलुगूत जातो. त्याचं दुखणं वेगळंच होतं. लेकीनं आधी मला सांगितलं, मग मामाला सांगितलं, आणि बापाला सगळ्यांत शेवटी. म्हणजे त्याच्यावाचून सगळं ठरून गेलं होतं. तरी तो इस्त्रीचे कपडे घालून लग्नाला आला, अक्षता टाकल्या आणि जावयाला म्हणाला, “आप खाना खाइए.” तेलुगू घडाघडा बोलता येत असताना त्यानं जावयासाठी हिंदी काढली. ही हिंदी तो कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी राखून ठेवतो.

पुढं संक्रांत आली. तेलुगू लोकांत संक्रांतीला नव्या जावयाला सासुरवाडीचं बोलावणं जातं, त्याच्यापुढं इतके पदार्थ मांडतात की ताट दिसत नाही. आमच्याकडून बोलावणं गेलं नाही. मी आडून आडून सुचवलं, तर नवरा म्हणाला, “ते त्यायच्यात असते, आपल्यात नाई.” मग यंदा उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. तो तर आपल्यातच असतो. तेव्हा मी ऐकणार नव्हते.

आता धोंडे म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. कणकेच्या पोटात पुरण भरायचं, उकडायचं, वर तुपाची धार धरायची आणि जावयाला तृप्त होईस्तोवर खाऊ घालायचं. पण त्याआधी दिवा लावून वाण द्यायचं असतं, आणि ते आमच्याकडं जोडीनं देतात. सासू-सासरे दोघंही पाटावर बसतात, दोघांचेही हात तबकाला लागतात. सासरा हयात असून पाटावर बसला नाही, तर त्याचा अर्थ गावातलं शेंबडं पोरही सांगेल. लेक-जावई यायला तयार झाले होते. प्रश्न एकच होता, माझा नवरा माझ्या बाजूला बसतो की नाही.

“बसाल न तुमी?” मी विचारलं.

“तू कर न सगळं. मी कुठं नाई म्हणून राह्यलो?”

“जोडीनं बसा लागते.”

“पाहू.”

त्याचा ‘पाहू’ मी लग्न झाल्यापासून ओळखते. फ्रीज घ्यायचा विषय काढला तेव्हाही तो ‘पाहू’ म्हणाला होता. शेवटी फ्रीज मी घेतला.

त्यात लेकीचा फोन आला. म्हणाली, “आई, त्यांना गोड फार जात नाही गं. दोन धोंड्यांच्या वर जबरदस्ती करू नकोस.” मी विचारलं, मग आवडीनं काय खातात? ती हसत म्हणाली, “बर्गर!” तिनं थट्टेत म्हटलं, पण मी ते मनावर घेतलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला आवडीचं नाही खाऊ घालायचं तर कधी घालायचं?

त्या संध्याकाळी भाऊ आला होता. नवरा अंगणात फवारणीचा पंप उघडून त्याचा वायसर बदलत बसला होता. जावई येणार हे कळल्यापासून त्यानं त्या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं. मी भावाला विचारलं, “का रे, आदिलाबादेत बर्गर चांगला कुठं भेटते?”

“कलेक्टर ऑफिसच्या रोडवर,” भाऊ म्हणाला. “काचेचा दरवाजा हाय, एसी हाय. डब्यात घालून देतेत. त्याच्यासारखा अख्ख्या जिल्ह्यात नाई.”

“त्याले बर्गर म्हणतेत काय?” नवरा मान वर न करता म्हणाला.

मी भावाकडं पाहिलं, भावानं माझ्याकडं.

“मग कोणचा चांगला, भाऊजी?”

“बसस्टँडच्या बाजूनं बंडी लागते. तव्यावर टिक्की टाकते तो माणूस, तुमच्यापुढं. तुमच्या एसीवाल्याची टिक्की कवा तळली ते त्याच्या बापालेही ठाव नसंल.”

आमच्या गावात बंडी म्हणजे बैलगाडी, पण आदिलाबादेत तेलुगूच्या चालीनं खाण्याच्या हातगाडीलाही बंडीच म्हणतात. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. “तुमी बर्गर कवा खाल्ला?” मी विचारलं. “बाजाराच्या दिवशी मी भाकरी बांधून देते, ते कोण खाते मग?”

“भाकर खाऊनच वरतून खातो,” तो म्हणाला, आणि पंपाकडं वळला. इतक्या वर्षांच्या संसारात मला हे आज कळत होतं. राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण तो जावयाच्या जेवणावर बोलत होता.

मग त्यांचं जुंपलं. बसस्टँडवाल्याचं तेल काळं असतं, असं भाऊ म्हणाला. काळ्या तेलाशिवाय चव येत नाही, असं नवरा म्हणाला. भाऊ म्हणाला की एसीवाला आत पांढरी मऊ चटणी लावतो. नवरा म्हणाला, त्या पांढऱ्यात अंडं असतं, अधिक महिन्यात जावयाला अंडं घालता काय? भाऊ म्हणाला, बाटलीवर हिरवा ठिपका असतो. नवरा म्हणाला, ठिपका तर मीही काढून देतो. मलाही मत होतं. जुन्या गल्लीत एक बेकरी आहे, तिथंही बर्गर मिळतो, आणि तिच्या भट्टीतून निघालेला पाव कोणाच्या हातगाडीला नाही की काचेच्या दुकानाला नाही. पण मला विचारतं कोण? मी मोठ्यानं सांगितलं तेव्हा दोघंही म्हणाले, पाव म्हणजे बर्गर नाही.

शेवटी ठरलं की तिन्हीकडचे आणून पाहायचे. दोन दिवसांनी भाऊ मोटरसायकलवरून तीन बर्गर घेऊन आला. उन्हात वाळू नयेत म्हणून त्यानं ते ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातले होते, शेतात भाकरी नेतात तसे. झाकण काढलं तर आतल्या वाफेनं पाव गळून गेले होते. मग मी तेच केलं जे शहरातून आलेल्या कुठल्याही खाण्याचं करते. उघडून बघितलं आणि तव्यावर टाकलं. पाव वेगळा शेकला, टिक्की वेगळी परतली. मग तीन ताटं घेतली. पोळीच्या जागी पाव, भाजीच्या जागी टिक्की, आणि डाव्या बाजूला, चटणी-कोशिंबिरीच्या जागी, सॉस, कांदा आणि आतलं ते कोबीसारखं हिरवं पान वाढलं. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. आत काय आहे हे न बघता तोंडात घालायची आमच्या घरात कोणाला सवयच नाही.

नवऱ्यानं प्रत्येक ताटातला घास खाऊन बघितला. भाकरी मोडतो तसा पाव मोडत होता, टिक्की बोटांनी दाबून पाहत होता. मग निकाल दिला की पाव बेकरीचाच, टिक्की बंडीचीच, आणि एसीवाल्याचं फक्त पान ताजं आहे. भाऊ चिडला. मी मात्र खूश झाले, माझा पाव जिंकला होता. म्हटलं, झालं तर मग. पाव इथला घेऊ, टिक्की तिथली घेऊ. जावईबापूंना जिल्ह्यातला सर्वांत चांगला बर्गर आपल्याच घरी मिळेल.

लेक-जावई वाणाच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर आले. भावानं त्यांना बसस्टँडवरून आणलं, आणि त्याच फेरीत पाव आणि टिक्क्याही आणल्या. जावयानं आंब्यांची पेटी आणली होती. दारात वाकून माझ्या पाया पडला, “अत्तम्मा, बागुन्नारा?” म्हणजे सासूबाई, बऱ्या आहात ना? मला भरून आलं. नवरा उठून उभा राहिला. “आइए, बैठिए. सफर ठीक हुआ?” एवढं बोलून तो ओसरीच्या पार टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसला. लेकीचा चेहरा उतरला. तिनं मला खुणेनं विचारलं, आणि मी खुणेनंच सांगितलं की अजून काही नाही.

मी ताट वाढून आणलं. जावई त्या ताटाकडं पाहत राहिला. मग त्यानं लेकीकडं पाहिलं. ती ओठ दाबून बसली होती, हसू आलं होतं तिला. बिचाऱ्यानं पावाचा तुकडा मोडला, टिक्कीला लावला, डावीकडच्या सॉसला टेकवला आणि खाल्ला. अगदी पोळी-भाजी खावी तसं नेटकेपणानं खात होता.

“कैसा है?” टोकाच्या खुर्चीवरून विचारणा झाली.

“बहुत अच्छा है.”

“और लीजिए.”

“बस, बस. थँक्यू.”

दोघंही इतके सभ्य की मला कंटाळा आला. मी लेकीला म्हटलं, “खरं काय ते सांगाले लाव त्यायले. तीन जागी फिरून आणलं हाय.” लेक त्याला तेलुगूत काहीतरी म्हणाली. तो नको नको करत होता. मग पाण्याचा घोट घेऊन त्यानं सांगितलं की पाव फार सुंदर आहे, टिक्कीही चांगली आहे, पण राग मानू नका, आदिलाबादचा चांगला बर्गर हा नाही.

टोकाची खुर्ची करकरली. “फिर कौनसा है?”

तेव्हा आम्हाला कळलं की जावई डिप्लोमाला आदिलाबादेतच शिकला होता, हॉस्टेलला राहून. लग्न होऊन इतके महिने झाले आणि ही गोष्ट आमच्यातल्या कोणी त्याला विचारलीच नव्हती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे खरा बर्गर कॉलेजच्या मैदानामागच्या बंडीवर मिळतो. तो माणूस टिक्कीत नुसता बटाटा घालत नाही, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची घालतो. पाव टिक्कीच्याच तेलात पालथा घालून दाबतो, त्यामुळं सॉस आत मुरत नाही. आणि तो तिथंच उभ्यानं खायचा, घरी आणायचा नाही, उघडायचा तर मुळीच नाही.

“उभ्यानं खाल्ल्यानं चव येते काय?” नवरा म्हणाला. हे त्यानं आपल्या बोलीतच विचारलं. लेकीनं तेलुगूत सांगायच्या आत जावयाला कळलंही होतं.

“येते,” जावई म्हणाला.

“बसस्टँडवाला काय वाईट बनवते?”

“वाईट नाही. पण नुसता बटाटा.”

“बटाटाच पाह्यजे! डाळ घातली तं त्याले भजं म्हणतेत!”

“कादु,” जावई म्हणाला. म्हणजे नाही. अगदी शांतपणे म्हणाला आणि पाय रोवून बसला.

नवरा खुर्ची ओढत जवळ आला. त्यानं हिंदी सोडली आणि तेलुगू धरली, तेलुगूतून आपल्या बोलीत आला, बोलीतून पुन्हा तेलुगूत गेला. आवाज चढत चढत रस्त्यापर्यंत पोचला. या बाजारात मी जन्म घालवला, मला आदिलाबाद सांगता काय, वगैरे. उद्या वाण, आणि आज हे. मी लेकीला खुणावलं की तुझ्या नवऱ्याला आत घेऊन जा. तेवढ्यात भाऊ माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, “ताई, भाऊजी वरडून राह्यले!” त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. मी त्याला झापणार होते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसानं बँकेतल्या बाबूवर आवाज चढवला नाही, तो या पोरावर ओरडत होता. मी मुकाट्यानं चहाचं आधण ठेवलं.

चहा कोणी घेतला नाही. नवऱ्यानं खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली काढली. “चला. दाखवा तुमची बंडी.” ऊन उतरलं होतं तरी झळ होती. त्यानं आपल्या डोक्याला दुपट्टा गुंडाळला, दुसरा जावयाच्या अंगावर टाकला. जावयाला तो बांधता येईना. मग नवऱ्यानंच दोन वेढे देऊन त्याच्या कानामागं खोचून दिला आणि म्हणाला, “कानात हवा शिरते, मग डोकं दुखते.” गाडी फाटकाबाहेर गेली तरी मागं बसलेल्याचा हात हवेत काहीतरी समजावून सांगताना दिसत होता.

आम्ही मायलेकी पुरणाला लागलो. ती यंत्र फिरवत होती, मी वरून डाळ घालत होते. थोडा वेळ हसणं झालं. ताटात मांडलेला बर्गर बघून तिला काय वाटलं ते तिनं नक्कल करून दाखवलं. मग तिनं हळूच विचारलं,

“आई, उद्या बाबा बसतील का गं?”

“मले नाई माहीत,” मी म्हटलं. खोटा धीर द्यायला मला जमत नाही.

“बसमध्ये हे मला म्हणत होते, तू काळजी करू नको, मी एकदम नीट वागीन. संक्रांतीला यांचे सगळे मित्र सासरी गेले होते, आई. हे घरी होते. एका शब्दानं बोलले नाहीत मला.” तिनं यंत्राचा दांडा सोडला. “मला वाटतं, बाबांच्या लेखी मी पण पाहुणीच झाले आता. मलासुद्धा ‘कशी आहेस, बरी आहेस ना’ एवढंच विचारतात फोनवर. आधी किती ओरडायचे.”

मी तिच्या हातातला दांडा घेतला आणि स्वतः फिरवायला लागले. तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण माझे हात पुरणानं भरले होते. म्हणून तिच्या खांद्याला नुसता खांदा लावून उभी राहिले.

जेवणाच्या वेळेला दोघं परत आले. धुळीनं माखलेले, पोटं टम्म आणि नवरा संतापलेला. कॉलेजला सुट्ट्या लागल्यामुळं मैदानामागची बंडी बंद होती. तो माणूस गावी गेला होता. मग त्यांनी बसस्टँडवर खाल्लं. मग काचेच्या दरवाजाच्या दुकानात जाऊन खाल्लं, आणि तिथं त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं की हा नाहीच. हे ऐकून माझा भाऊ रागानं उठून अंगणात गेला. “पण खरी बंडीच बंद,” नवरा पुन्हा पुन्हा म्हणत होता. “निकाल लागलाच नाई! हे काय झालं?” जावई म्हणाला की निकाल लागलेलाच आहे, फक्त दाखवायचा राहिला. त्यावर पुन्हा पंधरा वाक्यं झाली. मी कटाची आमटी आणि भात वाढायला घेतला तर दोघांच्याही पोटात जागा नव्हती. मग मी दोघांनाही सारखंच फैलावर घेतलं. दिवसभर चुलीपुढं राबायचं आम्ही आणि बाहेर हादडून यायचं तुम्ही. जावईबापू, उद्याच्या धोंड्यांना जागा उरली आहे का, की तीही बंडीवर देऊन आलात? जावयानं मान खाली घातली. मला त्याची ती खाली घातलेली मान फार आवडली.

नवरा मात्र झोपेपर्यंत वाणाबद्दल बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही. ‘पाहू’ ऐकण्याची आता माझ्यात ताकद नव्हती.

सकाळी मी नहाले, ठेवणीतलं लुगडं नेसले. देवघरापुढं दोन पाट इकडं, दोन पाट तिकडं मांडले, रांगोळीची दोन बोटं ओढली. पितळेच्या तबकात धोंडे, अनारसे, मध्ये दिवा. लेक आणि जावई समोरच्या पाटांवर येऊन बसले. जावयानं माझ्या भावाचं धोतर नेसलं होतं आणि ते सुटू नये म्हणून एका हातानं धरून ठेवलं होतं. मी माझ्या पाटावर बसले. बाजूचा पाट रिकामा होता. नवरा गोठ्यात होता. बैलांशी बोलत असल्याचा आवाज येत होता. लेक त्या रिकाम्या पाटाकडं बघत नव्हती, मुद्दाम दिव्याकडं बघत होती. भाऊ म्हणाला, “बोलावू काय?” मी नको म्हटलं. हाक मारून बसवलेला माणूस मला नको होता.

दिव्यात तूप घालायला मी वाकले. मान वर केली तेव्हा नवरा उंबऱ्यात उभा होता. अंग धुतलेलं, डोक्यावर टोपी. आला आणि पाटावर बसला. लगेच उठला, पाट उचलून खालून पाहिला. “हा पाट हलून राह्यला. कोनं ठेवला?” त्यानं पाट फिरवून ठेवला, पुन्हा बसला आणि तबकाखाली माझ्या हाताजवळ आपला हात लावला. सगळं वजन त्यानं आपल्याकडं घेतलं.

आम्ही तबक पुढं केलं. जावयानं धोतर सोडून दोन्ही हातांनी ते धरलं. पण नवरा तबक सोडेना. एका बाजूनं हा, दुसऱ्या बाजूनं तो, मध्ये दिवा.

“कॉलेज उघडलं का या,” नवरा म्हणाला. “बंडी लागंल तवा. मी फोन करतो तुमाले. हिले सुट्टी नसंल तं एकटेच या.”

“वस्तानु, मामय्या,” जावई म्हणाला. येतो, सासरेबुवा, असं म्हणाला. मग त्यानं जरा थांबून आपल्या मोडक्या मराठीत म्हटलं, “पण बिल मी देणार.” नवरा म्हणाला, “ते तिथं पाहू.”

लेकीचा आवाज फुटला. रुसल्यासारखं करत होती, पण आतून घाबरलेली होती, मला तिचा तो आवाज लहानपणापासून माहीत आहे. “म्हणजे मी नसले तरी चालते काय बाबा तुमाले? त्यायले बोलावता. मले नाई बोलावलं ते?”

नवऱ्यानं तबक सोडलं आणि तिच्यावर केवढ्यानं तरी खेकसला.

“तुले कायले बोलवा लागते? काऊन, घर विसरली काय सोताचं?”

लेक हुंदके देत रडायला लागली. मी घाईनं दिवा उचलून बाजूला ठेवला, कारण ती तबकावरूनच बापाच्या गळ्यात पडणार होती.